चौदा पाट : किशोरवयीन मुलांच्या एका मूर्तिकार्यशाळेची दोन वर्षं

रविवार, २५ ऑगस्ट २०२४. गणेश चतुर्थीला तेरा दिवस होते. पुण्यात कर्वेनगर भागातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही चौदा पाट मांडले. प्रत्येक पाटावर शाडूचा एक गोळा, शेजारी पाण्याची वाटी, ओला फडका आणि एक कोरणी. नोंदणी चौदाच मुलांची होती. सगळी तेरा ते अठरा वयाची. कुणाला स्वमग्नता (ऑटिझम), कुणाला एडीएचडी (लक्ष टिकवण्याची अडचण आणि अतिचंचलता), कुणाला अध्ययन अक्षमता, दोघा-तिघांना यांतलं एकाहून जास्त काही. वेळ चार ते सात. शेवटी छोटं प्रदर्शन आणि पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्र.

सात वाजता चौदापैकी पाच पाटांवरचे गोळे दिले तसेच पडून होते. एका पाटावर मूर्तीऐवजी भलतंच काही होतं. उरलेल्या आठ मूर्ती झाल्या होत्या, पण त्यातल्या किमान चारांना आईवडिलांचे हात लागलेले होते. हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होतं आणि कुणी बोललं नाही.

मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना किती मुलं बसवली याचा हिशेब नाही. निवृत्तीनंतर पालकांच्या एका गटाबरोबर काम करू लागले आणि ही कार्यशाळा माझ्याच आग्रहाने झाली. त्यामुळे तिथे जे चुकलं त्यात माझा वाटा मोठा आहे. दुसऱ्या वर्षी आम्ही ती पुन्हा केली, वेगळ्या तऱ्हेने. दोन्ही वर्षांचं जसं घडलं तसं इथे मांडते. न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे ज्यांचा मेंदू वेगळ्या तऱ्हेने काम करतो अशा मुलांसाठी कलेचे कार्यक्रम आता गावोगावी होऊ लागले आहेत आणि आमच्या चुका दुसऱ्या कुणाला पुन्हा कराव्या लागू नयेत असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या वर्षीची संध्याकाळ

सोळा वर्षांची एक मुलगी दारापर्यंत येऊन परत गेली. दहावीत होती. अक्षरं तिला नीट लावता येत नाहीत, एका जागी फार वेळ बसवत नाही, पण हात विलक्षण आहे. तिच्या वहीच्या समासात तिने काढलेली कुत्री मी पाहिली आहेत. एकेका रेषेत कुत्र्याचा सगळा स्वभाव उतरलेला. त्या दिवशी ती का गेली ते आम्हाला कळलंच नाही. आई म्हणाली, "मूड गेला असेल मॅडम, होतं तिचं असं."

चौदा वर्षांच्या ज्या मुलाबद्दल मला जास्त सांगायचं आहे तो फार कमी बोलतो. हवं ते दाखवतो, कधीकधी फोनवर एखादा शब्द टाइप करतो. तो आला, पाटासमोर बसला, आणि ओल्या गोळ्याकडे पाहून त्याने दोन्ही हात मांडीखाली घेतले. मी त्याच्याजवळ गेले. हातमोजे देऊन पाहिले, त्याने ते बाजूला ठेवले. मग मी तेच केलं जे शाळेत शेकडो वेळा केलं होतं. "एकदा हात तर घाल, मग बघ कशी मजा येते," असं म्हणत त्याचा हात धरला आणि मातीवर ठेवला.

तो ओरडला नाही. त्याने हात ओढून घेतला, स्वतःच्या मनगटाला चावा घेतला आणि जिन्याकडे धावत सुटला. पाठोपाठ त्याचे वडील. तेव्हा सहा वाजून गेले होते आणि नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला होता. भाद्रपदाच्या आधी कित्येक आठवडे म्हात्रे पुलाच्या आसपास संध्याकाळी काय आवाज असतो ते पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. जिन्यात तो आवाज घुमत होता. बाप-लेक दीड मजल्याच्या वळणावर अर्धा तास बसून राहिले. त्या मुलाला जायला आम्ही दुसरी जागाच ठेवलेली नव्हती.

हॉलमधली स्थिती वेगळी नव्हती. माती सुकू नये म्हणून मूर्तिकारांनी पंखे बंद करायला सांगितले होते, आणि ते त्यांच्या जागी बरोबरच होतं. वारा लागला की शाडूला भेगा जातात. पण तीस-पस्तीस माणसं, ऑगस्टची दमट हवा, नुकतीच फिनेलने पुसलेली फरशी, त्यावर करकरणाऱ्या स्टीलच्या खुर्च्या आणि वरून माईक. मूर्तिकार एकेक पायरी सांगत होते: आता मांडी, आता पोट, आता हात, आता सोंड. चौदा मुलांनी एकाच वेळी मांडी करायची आणि एकाच वेळी सोंड. ज्याची मांडी झाली नाही त्याच्या मदतीला आई येणार, ज्याची सोंड आधीच झाली त्याने थांबायचं.

सतरा वर्षांच्या एका मुलाने या पायऱ्या पहिल्या दहा मिनिटांत सोडून दिल्या. त्याने मागे चहाच्या टेबलावरचा किचनमधला वजनकाटा मिळवला आणि गोळ्यातून मोदक करायला घेतले. प्रत्येक मोदक वीस ग्रॅमचा. एक ग्रॅम जास्त भरला तर चिमूटभर काढायचा. एकवीस मोदक झाल्यावर तो थांबला, कारण नैवेद्याला एकवीसच लागतात. साडेसहाला पाहुणे आले, पाटांवरून फिरत त्याच्यापाशी थांबले आणि प्रेमानेच म्हणाले, "अरे, बाप्पा राहिला का करायचा? पुढच्या वर्षी कर हं." मुलगा काही बोलला नाही. प्रमाणपत्र घेतलं, घरी जाताना मोदक तिथेच ठेवून गेला. ते मी घरी आणले. अजून आहेत, एकवीसच्या एकवीस.

विचारायला उशीर केला

पुढचे दोन महिने आम्ही तिघीजणी मुलांना भेटत होतो. आधी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर विचारलं होतं, तर तिथे सगळ्यांनी "खूप छान उपक्रम" असं लिहिलं. मुलांना वेगळं विचारल्यावर वेगळं निघालं. कुणी बोलून सांगितलं, कुणी टाइप करून, कुणी चित्र काढून. जिथे आईने मुलाच्या वतीने उत्तर दिलं तिथे आम्ही पुन्हा गेलो.

दहावीतल्या मुलीने मला व्हॉइस मेसेज पाठवला. एवढंच: "मॅडम, बाहेर बॅनर होतं. विशेष मुलांची कार्यशाळा. माझ्या वर्गातला एक मुलगा त्याच सोसायटीत राहतो."

मी तो मेसेज चार-पाच वेळा ऐकला. बॅनर गेटवर लावलेलं होतं, सहा फुटी, खाली प्रायोजकाचं नाव. आमच्या डोक्यात सहा वर्षांची मुलं होती. सहा वर्षांच्या मुलाला बॅनरवर काय लिहिलंय याचं काही नसतं. सोळा वर्षांच्या मुलीला असतं, आणि असायलाच हवं. आपण कुणासमोर काय म्हणून उभे राहतो, हाच त्या वयाचा मोठा प्रश्न. आम्ही त्यांचं निदान लक्षात ठेवलं आणि वय विसरलो. पाहुण्यांचं लाडाचं बोलणं, बाळगोपाळांसारखी पाठीवरची थाप, सगळ्यांचे फोटो लगेच फेसबुकवर, हे सगळं त्याच विसरण्यातून आलेलं. फोटोंना परवानगी आम्ही पालकांकडून घेतली होती. मुलांकडून घेतली नव्हती.

जिन्यात बसलेल्या मुलाने फोनवर दोन शब्द टाइप केले: "ओलं. ढोल."

स्वमग्न हा शब्द मला तेव्हापासून अडतो. त्या मुलाच्या बाबतीत तरी तो उलटा आहे. तो स्वतःत बुडालेला नव्हता; बाहेरचं सगळं एकदम त्याच्या आत शिरत होतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत आवाज, स्पर्श, प्रकाश यांना येणारी फार तीव्र किंवा फार मंद प्रतिक्रिया हे स्वमग्नतेच्या निकषांपैकी एक म्हणून धरलं आहे. ओल्या मातीचा लिबलिबीत स्पर्श त्याला नुसता नावडता नव्हता, सोसवणारा नव्हता. आणि मी त्याचा हात धरून त्यात घातला. यावर मी त्याची माफी मागितली. त्याने मान फिरवली, पण खोलीतून उठून गेला नाही.

आजोळची शाळा

बदल काय करायचे याची यादी तशी चटकन झाली. अशा कामाचे धडे जगात उपलब्ध आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २ ऑक्टोबर २०११ रोजी 'द लायन किंग'चा एक प्रयोग खास स्वमग्न प्रेक्षक आणि त्यांच्या घरच्यांसाठी झाला. तिथे आवाज कमी केला, लखलखणारे दिवे काढले, बाहेर शांत जागा ठेवल्या, आणि थिएटरात गेल्यावर काय काय होईल ते चित्रांसह आधीच घरी कळवलं. गोष्ट, गाणी, नट तेच. आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याचं कलम २९ सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन याबद्दलच आहे, आणि ते सरकारवर व स्थानिक संस्थांवर जबाबदारी टाकतं. त्या कायद्याच्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. एडीएचडीचा वेगळा उल्लेख नाही, त्यामुळे आमच्या चौदांतली काही मुलं कागदावर कुठेच बसत नाहीत. म्हणून आम्ही दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मागायचं नाही असं पहिल्या वर्षीच ठरवलं होतं. तेवढं एक बरोबर केलं होतं.

पण यादीने माझं समाधान होत नव्हतं. आवाज कमी केला, खोली दिली, पंख्याचं काहीतरी केलं, तरी "आता मांडी, आता पोट" हे तसंच राहणार होतं.

मग मला आजोळ आठवलं. कुडाळजवळच्या गावात श्रावणापासून एका घराच्या पडवीत गणपतीची शाळा भरायची. कोकणात मूर्ती करतात त्या जागेला शाळाच म्हणतात. लोक आपापला पाट आणून द्यायचे, त्यावर नाव किंवा खूण. मूर्ती त्याच पाटावर घडायची आणि चतुर्थीला डोक्यावरून घरी जायची. आम्ही पोरं तिथेच पडीक. कुणी माती चाळायचं, कुणी मळायचं, कुणी पाणी आणायचं, थोडा मोठा असेल तर उंदीर करायला मिळायचा, आणि डोळे रेखायचे ते फक्त म्हाताऱ्या काकांनी. एकजण नुसता खांबाला टेकून बसून असायचा, आठवडाभर. त्याला कुणी "तू का करत नाहीस" असं विचारल्याचं आठवत नाही. कुणी केव्हाही यायचं, जेवायला घरी जायचं, परत यायचं. एकाच वेळी सगळ्यांनी एकच गोष्ट करायची, असं त्या शाळेत काहीच नव्हतं.

म्हणजे जी पद्धत आमच्या मुलांना हवी होती ती परंपरेत आयती होती, आणि मी शाळेतल्या तासाची सवय घेऊन तिच्यावर पाणी फिरवलं होतं. हे मला पटल्यावर बाकीचं सोपं झालं. पहिल्या वर्षीच्या मूर्तिकारांना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या कारखान्यात असंच चालतं. तुम्ही वर्कशॉप म्हणालात म्हणून मी माईक घेतला."

दुसरं वर्ष

२०२५ मध्ये चतुर्थी लवकर आली, २७ ऑगस्टला. मूर्ती सावलीत आठवडाभर तरी वाळायला हवी, म्हणून १० आणि १७ ऑगस्ट असे दोन रविवार धरले. वेळ सकाळी दहा ते एक, ढोलांच्या आधी. जागा तीच सोसायटी, कारण मुलांना ती आता माहीत होती. नवी जागा शोधणं म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. बॅनर नाही. गेटवर ए-फोर कागद: "गणपतीची शाळा, हॉल, पहिला मजला."

दहा दिवस आधी आठ फोटो घरोघरी गेले. गेट, लिफ्ट, हॉलचं दार, आतली टेबलं, बाथरूम, मातीची पिशवी, शांत खोली, परत जायचं दार. प्रत्येकाखाली एकच ओळ. एका आईने सांगितलं की मुलाने ते फोटो क्रमाने लावून भिंतीवर चिकटवले आणि रोज झोपताना पाहिले.

शांत खोली म्हणजे सोसायटीचं वाचनालय. सतरंजी, दोन तक्के, पडदा ओढलेला. नियम एकच ठेवला: तिथे गेलेल्याला "काय झालं?" विचारायचं नाही. सगळ्यात कठीण हाच नियम गेला, आयांना. एक आजी तर दारात स्टूल टाकून बसल्या, आत न जाता, आणि कुणी आत जाऊ लागलं की हात आडवा करायच्या. दोन्ही रविवार त्यांनी ते काम सांभाळलं.

खुर्च्यांच्या पायांना कापड गुंडाळलं. फरशी आदल्या रात्री साध्या पाण्याने पुसली. पंखे चालू ठेवले आणि मातीचं टेबल पंख्यापासून दूर, खिडकीच्या कोपऱ्यात नेलं, ओले फडके दुप्पट केले. इतकी साधी गोष्ट पहिल्या वर्षी कुणाला सुचली नाही, कारण सगळेच पाट हॉलच्या मध्यभागी, प्रेक्षकांना दिसतील असे मांडायचे होते.

कामं वाटून दिली नाहीत, मांडून ठेवली: कोरडी माती चाळणं, वजन करणं, मळणं (हात लावायचा नसेल तर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरून), आइस्क्रीमच्या काड्यांच्या कोरण्या करणं, मूर्ती घडवणं, कोळशाने कागदावर चितारणं, बसणं. बसणं हे आम्ही फळ्यावर बाकीच्या कामांसारखंच लिहिलं. पालकांना चहा खालच्या पार्किंगमध्ये. ज्या मुलाला आई-बाबा हवे असतील त्याने तसं सांगायचं; अकरा मुलं आली, त्यांतल्या तिघांना हवे होते.

चौदा वर्षांचा मुलगा आता पंधराचा. दारातून त्याने आधी शांत खोली पाहिली, मग बाथरूम, मग हॉल, फोटोंच्या क्रमाने नाही पण सगळं. चाळणीपाशी थांबला. शाडू कोरडी असताना पिठासारखी मऊ, करडी-पांढरी. त्याने चाळणी हातात घेतली, हलवली, आणि खाली पडणाऱ्या मातीकडे वाकून पाहत राहिला. मग दोन तास पंचवीस मिनिटं तो चाळत होता. खडे एका वाटीत, काड्या दुसऱ्या वाटीत. मूर्तिकारांनी त्याची माती चिमटीत घेऊन चोळली आणि मला हळूच म्हणाले, "माझ्याकडे पगारी माणसं इतकी चाळत नाहीत." मग त्यांनी ते त्यालाही सांगितलं, कामगाराला सांगावं तसं, सरळ. त्याने वर पाहिलं नाही. चाळणीचा वेग मात्र वाढला.

एकवीस मोदकवाला आता अठराचा. वजनकाटा त्याच्या ताब्यात. कुणाच्या मूर्तीला किती माती, वाळल्यावर वजन किती घटेल, याची त्याने वही केली, आणि मूर्तिकार दुसऱ्या रविवारी ती वही पाहून माती भिजवत होते. मूर्ती त्याने याही वर्षी केली नाही.

दहावी झालेली मुलगी आली. येण्याआधी तिने विचारलं होतं, "कोण बघायला येणार आहे?" मी म्हटलं, "कुणी नाही." तिने गणपतीच्या पायाशी उंदराऐवजी कुत्रं बसवलं. तिच्या आईला ते खटकलं. धार्मिक बाब आहे, घरात काय म्हणतील, असं ती मला बाजूला घेऊन म्हणाली. आईचं म्हणणं मला उडवून लावावंसं वाटलं नाही, मूर्ती पुजायची त्यांच्या घरात होती. मुलीनेच तोड काढली: उंदीर केला, पाटावर ठेवला, आणि कुत्रं वेगळं वाळवून आपल्या टेबलासाठी नेलं.

फोटो फक्त हातांचे आणि मातीचे काढले, आणि ज्यांचे हात त्यांना दाखवून. दोघांनी नको म्हटलं. ते पुसले.

जे याही वर्षी बसलं नाही

दुसरा रविवार फसला, अर्धा तरी. १५ ऑगस्ट शुक्रवारी, १६ ला शनिवारी दहीहंडी, १७ ला आमची शाळा. मी पंचांग पाहिलं ते चतुर्थीपुरतं. आदल्या रात्री स्पीकरच्या भिंतींनी निम्म्या मुलांना झोपू दिलं नव्हतं, काही घरं जोडून आलेल्या सुट्टीत गावी गेली. अकरांतली सहाच आली, आणि त्यांतले दोघे जवळजवळ पूर्ण वेळ शांत खोलीत. निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ आहे. ती पाळली जाईल असं धरून कार्यक्रमाची तारीख ठरवणं हा आमचाच भाबडेपणा. यापुढे सणाच्या दुसऱ्या दिवशी काही ठेवायचं नाही.

पैशाचंही नीट जमलं नाही. बॅनर नाही, पाहुणे नाहीत, चेहऱ्यांचे फोटो नाहीत म्हटल्यावर पहिल्या वर्षीच्या प्रायोजकांनी हात आखडता घेतला. त्यांचं त्यांच्या जागी समजू शकते. खर्च पालकांनी वाटून घेतला, आणि दोन घरांना तो जड गेला असावा, कारण ती आली नाहीत. विचारल्यावर "मुलाची परीक्षा" असं उत्तर मिळालं. ऑगस्टमध्ये कसली परीक्षा. यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. निधी देणाऱ्याला दाखवण्यासारखं काय आहे, तर एका मुलाने दोन तास पंचवीस मिनिटं माती चाळली. मला ते दाखवण्यासारखं वाटतं, पण अर्जातल्या "लाभार्थी" आणि "फलनिष्पत्ती"च्या रकान्यांत ते कसं लिहायचं ते कळत नाही. तरी आम्ही ते तसंच लिहून एका अर्जात पाठवलं आहे.

आणि मुलींचं. चौदांत तीन, अकरांत दोन. मुलींच्या अडचणी उशिरा ओळखल्या जातात, त्या निभावून नेतात, आणि घरच्यांना वाटतं की हिला कशाला अशा ठिकाणी न्यायचं. दहावी झालेल्या मुलीने याबद्दल मला ऐकवलं: "मॅडम, तुम्ही आईच्या ग्रुपवर कळवता. माझ्या मैत्रिणी त्या ग्रुपवर नाहीत." पुढच्या वेळचा निरोप ती स्वतः लिहिणार आहे.

सप्टेंबरमध्ये चाळणीवाल्या मुलाच्या वडिलांचा फोन आला. त्याने चाळलेल्या मातीची लहानशी मूर्ती त्याच्या आईने केली होती. दीड दिवसाचा गणपती, बादलीत विसर्जन. शाडू रात्रीतून विरघळून तळाशी बसली. वरचं पाणी वडिलांनी कुंड्यांना घातलं आणि गाळ गॅलरीत वर्तमानपत्रावर पसरला, नंतर झाडांत टाकू म्हणून. सहा-सात दिवसांत तो खडखडीत वाळला. एका सकाळी मुलाने स्वयंपाकघरातून पिठाची चाळणी आणली, गॅलरीत फतकल घालून बसला आणि सगळी माती पुन्हा चाळली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरली. डब्यावर कागद चिकटवून त्यावर वजन लिहिलं, एक किलो एकशे चाळीस, आणि वडिलांच्या फोनवर टाइप केलं: "शाळा. कधी."

आईने स्वयंपाकघरासाठी नवी चाळणी आणली आहे.